चतकोर उरतो!

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या पंधरा दिवस आधी अक्काने कळवले, "मी यंदा येत नाही. धाकट्याचं पोर सहा महिन्यांचं. माझ्या अंगातून ते किरण बाहेर पडतात ना रे!"

नागपंचमीच्या आठवड्यात अक्काला थायरॉईडच्या दुखण्यासाठी किरणोत्सारी आयोडीन दिले होते. घरी सोडताना 'काही दिवस लहान मुलांपासून दूर राहा' असे बजावले होते. त्यातले 'काही दिवस' घरातली माणसे विसरली आणि 'दूर राहा' तेवढे लक्षात राहिले. तिचे ताट अजून वेगळे होते.

हे आयोडीन म्हणजे काही निराळा पदार्थ नव्हे. मिठातल्या आयोडीनच्या अणुगर्भात ५३ प्रोटॉन आणि ७४ न्यूट्रॉन असतात. औषधातल्यात न्यूट्रॉन चार जास्त, म्हणून ते आयोडीन-१३१. ग्रंथीला हा फरक कळत नाही, ती त्याला नेहमीच्या पाहुण्यासारखे आत घेते. पण तो अणुगर्भ अस्थिर. तो किरण फेकतो आणि मोडतो. त्या किरणांनीच ग्रंथीतल्या पेशी मरतात.

तिच्या कागदावर 'अर्धायुष्य ८ दिवस' असे होते. मी पडलो मराठीचा प्राध्यापक. समास सोडवला आणि शिक्षकांच्या खोलीत जाहीर केले, अर्धे आयुष्य आठ दिवस, तर पुरे सोळा! पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी चहाचा कप खाली ठेवला. "अहो, सोळा दिवसांनी शून्य नाही, चतकोर उरतो!" सोळा आण्यांचे आठ दिवसांनी आठ आणे, आणखी आठांनी चार, मग दोन, मग एक. ऐंशी दिवसांत दहा वेळा निम्मे, म्हणजे हजारावा हिस्सा. शिवाय बरेचसे आयोडीन पहिल्या काही दिवसांतच लघवीवाटे निघून जाते, ते वेगळेच.

"मग एक्स-रे काढतात, त्याचं काय?" आमच्या मंडळींनी विचारले. एक्स-रे म्हणजे विजेची बत्ती. बटण बंद, उजेड बंद, अंगात काही उरत नाही. किरणोत्सारी द्रव्य म्हणजे निखारा. विझेपर्यंत धग देणारच. वर्तमानपत्रे दोन्हीकडे 'किरणोत्सर्ग' हा एकच शब्द लिहितात आणि घोटाळा तिथेच होतो.

निखाऱ्यानिखाऱ्यांतही फरक आहे. १९८६ साली चेर्नोबिलच्या अपघातात हेच आयोडीन हवेत गेले, गवतावर बसले, गाईच्या दुधातून मुलांच्या पोटात गेले आणि पुढे कित्येकांना थायरॉईडचा कर्करोग झाला. ते आयोडीन काही महिन्यांत सरले. पण त्याच्याबरोबर पडलेल्या सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे. ते तिथल्या मातीत आजही आहे.

अक्काला मी फोनवर आण्यांचा हिशेब सांगितला. नागपंचमीपासून भाऊबीजेपर्यंत ऐंशीहून जास्त दिवस होत होते. तिचा माझ्यावर विश्वास बसला नाही, आणि ते बरोबरच होते. तिने डॉक्टरांना विचारले. मुदत केव्हाच संपली, असे ते म्हणाले.

संध्याकाळी तिचा फोन. "अरे, अनारसे करू नका घरी, मी आणते. आणि पोराला सांग, आत्या मांडीवर घेणार आहे म्हणून."