कोपर लंगडत नाही

मैदानांवरच्या मागच्या लेखावर एका मुख्याध्यापकांचं पत्र आलंय. त्यांच्या शाळेत हिमोफिलियाचा, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचा, एक मुलगा आहे. त्याला ते फुलासारखं जपतात, म्हणजे पीटीच्या तासाला वर्गात बसवून ठेवतात. पत्रातून अभिमान नुसता ओसंडतोय. बसून राहिलेल्या मुलाचे स्नायू वाळतात आणि दुबळ्या स्नायूंच्या सांध्यात रक्त उतरायला सोपं जातं, हे या जपणाऱ्यांना सांगायचं कुणी? बाकीच्यांचा पीटीचा तास तरी कुठे उरलाय म्हणा, तो गणिताच्या बाईंनी केव्हाच गिळलाय.

पण आजचा राग कोपरासाठी. हिमोफिलियात रक्तस्राव जास्त होतो तो गुडघा, घोटा आणि कोपर या सांध्यांत. गुडघ्यात झाला की पोर लंगडतं आणि रिक्षावालासुद्धा 'काय झालं?' विचारतो. कोपर लंगडत नाही. ते शेवटचे वीस-तीस अंश सरळ होईनासं झालं तरी घास तोंडाशी जातो, भांग पाडता येतो. घरच्यांच्या लेखी सगळं ठीक. अडतं ते तळहात उताणा करताना, कारण हात वळवण्याचं कामही कोपराकडेच असतं. तीर्थ घेताना, दुकानदाराकडून सुट्टे पैसे घेताना पोरगं अंग तिरकं करतं, खांदा पुढे काढतं आणि वेळ मारून नेतं. दंडाचा मागचा स्नायू आत रोडावत जातो तो वेगळाच. अर्धी बादली उचलायलाही मग दुसरा हात लागतो.

मोजपट्ट्याही पायांच्याच बाजूच्या. सांध्यांची तब्येत मोजणाऱ्या एचजेएचएस तपासणीत कोपरं धरून सहा सांधे पाहतात, पण चालीला वेगळे गुण आहेत, हाताच्या कामाला नाहीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तयार झालेली, रोजची कामं किती जमतात ते पाहणारी 'फिश' मोजणी मला आवडते. ती उकिडवं बसता येतं का हे विचारते, म्हणजे करणाऱ्यांनी आपली घरं पाहिली आहेत. त्यातही आठांपैकी पाच कामं पायांची. मोजपट्ट्या करणाऱ्यांनी कधी पाणी भरलेलं नसावं, असा माझा संशय आहे. पुरावा मागू नका.

मग करायचं काय? तीव्र हिमोफिलियात रक्तस्राव होण्याची वाट न पाहता नियमित प्रतिबंधक उपचार द्यावेत, असं जागतिक हिमोफिलिया महासंघाची २०२० ची मार्गदर्शिका सांगते. आणि व्यायाम म्हणाल, तर पोहणं या मुलांना आवर्जून सुचवलं जातं. तेव्हा मुख्याध्यापक महोदय, त्याच्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला विचारा, रक्त गोठवणाऱ्या फॅक्टरच्या इंजेक्शनच्या वेळा बघून त्याचा व्यायाम ठरवा आणि त्याला वर्गाबाहेर काढा. पालकांनो, पुढच्या तपासणीला गुडघे दाखवून झाले की निघू नका. दोन्ही हात सरळ होतात का, तळहात पूर्ण उताणे होतात का, तेही बघायला सांगा आणि कागदावर लिहून घ्या.