सात किलोच्या बाळाचं रक्त कोण मोजतं?

सात किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं किती? किलोमागे साधारण ८० मिली धरा, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास. एसटी स्टँडवर मिळते ती अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, वर दोन-चार घोट. सरकारी रुग्णालयात मेंदूच्या ऑपरेशन थिएटरमध्ये मी २६ वर्षं सिस्टर होते. तिथे नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी पहिला प्रश्न हाच विचारायची. बहुतेक जणी दीड-दोन लिटर सांगायच्या.

मोठ्या माणसाचं शंभर मिली रक्त गेलं तर भूल देणारे डॉक्टर नुसती मान हलवतात. तेवढंच या बाळाचं गेलं तर पाचवा-सहावा हिस्सा गेला. त्यात लहान मुलं फसवतात. रक्त जात असतानाही त्यांचं बीपी बराच वेळ टिकून राहतं, नाडी तेवढी पळत असते; मग एकदम कोसळतं. म्हणून मॉनिटरच्या भरवशावर न राहता मोजायचं. रक्त टिपायचा कोरा मॉप किती ग्रॅमचा ते आधी लिहून ठेवायचं, रक्ताने भिजलेला काट्यावर टाकायचा, वजाबाकी करायची. एक ग्रॅम म्हणजे ढोबळमानाने एक मिली. सक्शनच्या बाटलीतून जखम धुवायला वापरलेलं सलाइन वजा करायचं आणि दर पंधरा मिनिटांनी फळ्यावर आकडा लिहायचा. कापडाखाली ओघळलेलं रक्त मात्र कुठल्याच काट्यावर येत नाही. ते वाकून, बॅटरी मारून बघावं लागतं, आणि कुठे बघायचं हे हळूहळूच कळतं.

आमचा काटा स्वयंपाकघरातला होता. स्टोअरला तीनदा मागणी पाठवली, शेवटी मीच भांड्यांच्या दुकानातून आणला.

एकदा मी रजेवर होते. कवटीचे सांधे वेळेआधीच जुळलेलं सात महिन्यांचं बाळ टेबलावर होतं; हाडाच्या फटी मोकळ्या करून मेंदूला वाढायला जागा करून द्यायची होती. या ऑपरेशनमध्ये कातडीतून आणि हाडातून रक्त झिरपतच राहतं. सर्क्युलेटिंगला, म्हणजे टेबलाबाहेरून सामान द्यायला-मोजायला, होती ती मुलगी प्रसूती विभागातून बदलून आलेली, थिएटरमधला तिसरा दिवस. तिने मॉप न मोजता बादलीत टाकले. भूल देणाऱ्या मॅडमनी विचारलं, "किती गेलं?" कुणालाच सांगता येईना. तेवढ्यात बीपी पडलं. रक्ताची पिशवी शेजारी तयार होती म्हणून निभावलं. बाळ दोन दिवस आयसीयूत राहून घरी गेलं. मुलीला मेमो मिळाला. तिला तिथे पाठवणाऱ्या ऑर्डरवर ज्यांची सही होती, त्यांना काही मिळालं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. तिच्यामागच्या पथकाचे प्रमुख डॉ. अतुल गावंडे, त्यांचे वडील आपल्या उमरखेड भागातले. दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलं. ते रुग्ण १६ वर्षांवरचे होते, हे खरं. पण त्या यादीत लहानग्यांसाठीही एक प्रश्न आहे : किलोमागे ७ मिलीपेक्षा जास्त रक्त जाण्याचा धोका आहे का? आमच्या बाळासाठी ते होतात ४९ मिली. टपरीवरचा कटिंगचा पेलाही भरत नाही. यादी आमच्याही भिंतीवर लॅमिनेट करून लावली होती. पण पुष्कळदा ऑपरेशन उरकल्यावर, चहाच्या वेळी, सगळ्या चौकटींत एकदम बरोबरच्या खुणा व्हायच्या.

आई-बाप सर्जनचं नाव विचारून येतात, आणि ते योग्यच आहे. रुग्णालयाने कोटभराचा मायक्रोस्कोप घेतला की पेपरात फोटो येतो, तोही यावा. माझं भांडण रोटेशनशी आहे. पाच-सहा महिन्यांत मुलीचा हात बसतो. रक्त टिपायच्या, दोरा लावलेल्या इवल्या पॅटी मेंदूशेजारी किती गेल्या नि किती परत आल्या, ते ती बोटांवर सांगू लागते. बाळाचं डोकं जरा पुढे वाकलं तरी श्वासाची नळी आत सरकते, हे तिच्या नजरेत बसतं. सर्जनला "सर, थांबा, एक पॅटी कमी आहे" असं म्हणण्याइतका आवाजही फुटतो. तेवढ्यात तिची बदली डोळ्यांच्या ओपीडीत.

प्रशासन म्हणतं, सगळ्यांना सगळं आलं पाहिजे, आणि थिएटरची ड्यूटी काही जणी अडवून बसतात. बसतात, मी पाहिल्यात. त्यांना जरूर हलवा. पण लहान मुलांच्या मेंदूच्या थिएटरमध्ये तीन वर्षांची नेमणूक ठेवा, आणि टेबलाभोवती दोन तरी जुन्या सिस्टर असल्याशिवाय बाळ आत घेऊ नका. याला ना टेंडर लागतं, ना फीत कापायला मंत्री.

निवृत्त होताना काटा तिथेच ठेवून आले. परवा फोन आला, "सिस्टर, तुमच्या काट्याला सेल कुठले लागतात हो?" कुणीतरी मोजतंय म्हणून बरं वाटलं. सांगितलं, आणि सहज विचारलं, "किती दिवस झाले गं तुला तिथे?"

"पाच महिने. एक तारखेपासून मेडिसिनला जायचंय."