‘तूच जरा जास्त मनाला लावून घेतेस’



ऑफिसात चार-पाच जण मिळून एकीला वाळीत टाकतात आणि ती घरी येऊन रडते, तेव्हा आपण जे बोलतो त्याचा मला आता राग येतो. "तूच जास्त मनाला लावून घेतेस." "कर्माचा उदय आहे, शांतपणे सहन कर." "क्षमा कर, विषय संपव." या तिन्ही वाक्यांत त्या चार-पाच जणांबद्दल एक शब्दही नाही!

या छळाचा पद्धतशीर अभ्यास 1980च्या दशकात स्वीडनमध्ये हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञाने केला. त्याने त्याला ‘मॉबिंग’ म्हटलं. हा शब्द आला पक्ष्यांकडून. घुबड दिसलं की कावळे मिळून त्याला टोचून पिटाळतात, तसं. लेमनने अशा 45 कृतींची यादी केली. बोलताना सतत तोडणं, तिच्याशी कोणी बोलायचं नाही असं ठरवणं, दूरच्या खोलीत एकटीला बसवणं, मागून अफवा पसरवणं, चालण्याची-आवाजाची नक्कल करणं, काम काढून घेणं किंवा निरर्थक काम देणं. एकेक गोष्ट किरकोळच वाटते. म्हणून त्याने मोजमाप ठेवलं: आठवड्यातून किमान एकदा आणि किमान सहा महिने. या मापाने स्वीडनच्या 44 लाख नोकरदारांपैकी सुमारे 1 लाख 54 हजार, म्हणजे साडेतीन टक्के लोक त्यात सापडले.

आता ‘मनाला लावून घेतेस’ याकडे येते. लेमनचं म्हणणं स्पष्ट होतं. चिडचिड, संशय, रडणं हे छळाचं कारण नसून परिणाम आहे. सहा महिने टोचल्यावर माणूस बदलतो आणि मग लोक म्हणतात, बघा, हिचा स्वभावच असा! छळाचं मूळ तो कामाच्या विस्कळीत रचनेत आणि दुबळ्या वरिष्ठांत शोधत होता. पुढच्या काही संशोधकांनी स्वभावाचाही थोडा वाटा धरला. पण ‘थोडा वाटा’ आणि ‘तूच’ यांत फरक आहे.

कर्माचं म्हणाल, तर तिच्या असाता वेदनीयाचा उदय असेलही. तो तिचा हिशोब. दुसऱ्याला दुःख, शोक, आक्रंदन घडवणाऱ्याला त्याच असाता वेदनीयाचा आस्रव होतो, हेही तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायातच आहे ना? ते मात्र कोणी सांगत नाही. जपमाळेचे 108 मणी कशाचे हे पाठशाळेतली मुलंही सांगतात: संरंभ, समारंभ, आरंभ, मन, वचन, काया, कृत, कारित, अनुमोदना, आणि चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, चोक एकशेआठ. त्यातली अनुमोदना म्हणजे डब्याच्या वेळी नक्कल चालू असताना हसणारी बाई. "मी काहीच केलं नाही हो" म्हणणारी. पाणी गाळून पिणारी, सूर्यास्तानंतर न जेवणारीसुद्धा तिथे हसते, हे मी पाहिलं आहे.

तिचं हसणं क्षुल्लक नाही. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने 1950च्या दशकात अमेरिकेत रेघांच्या लांबीचा साधा प्रयोग केला. सगळे मुद्दाम चुकीचं उत्तर देत, आणि एकटा पडलेला माणूस पुष्कळदा त्यांच्यामागे जाई. पण गटातल्या एकानेच बरोबर उत्तर दिलं, की असं मागे जाण्याचं प्रमाण जवळजवळ एक चतुर्थांशावर येई. एकाच माणसाने! म्हणजे न हसणारी एक बाई पुरते.

स्वीडनने 1993 साली नियम करून असा छळ रोखण्याची जबाबदारी मालकावर टाकली. आपल्याकडे 2013चा कायदा आहे, तो लैंगिक छळापुरता. वाळीत टाकलेल्या मुलीने जायचं कुठे? ती घरीच येते, आणि घरी आपण तिला उत्तम क्षमा शिकवतो. क्षमा भोगणाऱ्याने करायची असते, बघणाऱ्यांनी तिच्याकडून वसूल करायची नसते.

तुमची मुलगी, सून, भाची अशी घरी आली तर तिला आधी एक वही द्या. तारीख, वेळ, कोण काय बोललं, समोर कोण कोण होतं, सगळं लिहू दे. ऑफिसात लेखी तक्रार करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडेल. क्षमेचं ती तिच्या सवडीने बघेल.