पुरावा कपाटात होता

रोगाचे कारण सापडले की अर्धी लढाई जिंकली, असे आपण मानतो. जपानमधील मिनामाताचा अनुभव मात्र निराळा आहे.

१९५०च्या दशकात या किनाऱ्यावरच्या गावात मांजरे वेड्यासारखी नाचून मरू लागली. पाठोपाठ कोळ्यांच्या घरांत माणसांचे हातपाय बधिर झाले, दृष्टी अधू झाली, बोलणे अडखळू लागले. चिस्सो या रसायन कंपनीच्याच रुग्णालयाचे प्रमुख डॉ. हाजिमे होसोकावा यांनी १ मे १९५६ रोजी हा अनोळखी आजार आरोग्य खात्याला कळवला.

१९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवले. कंपनीने ते नाकारले. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी अन्नात मिसळून एका मांजराला घातले. प्रयोगातले हे चारशे क्रमांकाचे मांजर. ऑक्टोबरात त्यालाही तेच झटके आले. कंपनीने पुढचे प्रयोग थांबवले, निष्कर्ष दडपला. पारा १९६८ पर्यंत समुद्रात, तेथून माशांत आणि माशांतून ताटात येत राहिला.

१९७० मध्ये डॉक्टरांनी रुग्णशय्येवरून साक्ष दिली. १९७३ मध्ये न्यायालयाचा निकाल रुग्णांच्या बाजूने लागला. तोवर कित्येकांचे आयुष्य सरले होते.

संशोधन कमी पडले नव्हते. ते कुलपात पडले होते. धोका निर्माण करणाऱ्याच्याच हाती त्या कुलपाची किल्ली कशी ठेवायची? जो मासा ज्या घरात शिजतो, त्याविषयीचे सत्य आधी त्या घराला कळले पाहिजे. तो त्या घराचा हक्कच आहे.