तेओतिवाकानची चित्रे आणि भुयार

मेक्सिको सिटीच्या ईशान्येला सुमारे ५० किलोमीटरवर तेओतिवाकान हे प्राचीन नगर आहे. भरभराटीच्या काळात, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या पाच-सहा शतकांत, तेथे लाखभर लोक राहत. मुख्य रस्त्यालगतचा सूर्य-पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच आहे. खाली उतरती भिंत आणि तिच्यावर उभी चौकट, अशी थरांची रचना ही येथील वास्तूंची खूण. निवासांच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा करून चित्रे रंगवत. अशाच एका, तेपान्तित्ला नावाच्या निवासातील चित्रात फुलपाखरे, चेंडूचे खेळ आणि पाण्यात डुंबणारी माणसे दिसतात. याच नगरातील पिसे असलेल्या सर्पदेवतेच्या मंदिराखाली २००३ मध्ये भुयार सापडले. त्यातून शंख, हिरव्या दगडाच्या मूर्ती आणि चक्क पारा निघाला. इ.स. ५५०च्या सुमारास नगराच्या मध्यभागातील मंदिरे व वाडे जाळले गेले. १९८७ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.