पुस्तकातलं स्थलांतर

एन.एस.एस.तर्फे नववीला 'स्थलांतर' शिकवायला गेलो. फळ्यावर कारणं लिहिली: आर्थिक, सामाजिक, राजकीय. पोरं जांभया देत होती! दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या नेपाळी वॉचमनकाकांनाच विचारून सोबत नेलं. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे राहायला व्हिसा लागत नाही, एवढं मी वाचून गेलो होतो. एका मुलाने विचारलं, "काका, तुमचं खरं नाव काय?" आख्खं हॉस्टेल त्यांना 'बहादूर' म्हणतं. तीन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं...

असा एक तास प्रत्येक शाळेत हवाच, असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त पाहुण्याची त्या दिवसाची मजुरी बुडता कामा नये. काकांची ठेकेदाराने कापली.