हरेल त्याचं टेबल

ईदनंतरच्या आठवड्यात इंदापूर तालुक्यातून एका भगिनीचा फोन आला. मुलगा बारामतीला कॉलेजात शिकतो, तिघा मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. ईदला घरी आला, मिळालेली सगळी ईदी खिशात घातली आणि निघताना मोठ्या बहिणीकडून वर दोन हजार रुपये मागून नेले. कशाला, असे तिने विचारले तर म्हणाला, "टेबलाचे द्यायचे आहेत." घरच्यांना वाटले, अभ्यासाचे टेबल घेतले असेल. चार दिवसांनी कळले की हे टेबल स्नूकरचे आहे.

आईने फोनवर खडसावले तेव्हा त्याचे उत्तर तयार होते. "अम्मी, आम्ही जुगार खेळत नाही. पत्ते नाहीत, मटका नाही. हरेल त्याने टेबल द्यायचं, एवढंच."

या भगिनीने आम्हाला दोन प्रश्न विचारले. हा जुगार आहे की नाही? आणि या महिन्यात विलायतेत स्नूकरची मोठी स्पर्धा आहे, ती बघायची म्हणतो, तर बघू द्यावी का? बारामती-इंदापूरकडच्या बऱ्याच घरांत हे प्रश्न असतील, म्हणून उत्तर इथेच देतो. दुसरा प्रश्न सोपा आहे, तो आधी घेऊ.

स्पर्धा म्हणजे व्यावसायिक स्नूकरची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात क्रुसिबल नावाचे नाट्यगृह आहे, तिथे ती 1977 पासून होते. बत्तीस खेळाडू, सतरा दिवस, अंतिम सामना मेच्या पहिल्या सोमवारी संपतो. त्या सामन्यात आधी अठरा फ्रेम जिंकेल तो विजेता.

या खेळाचा जन्म आपल्याच देशातला. 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या इंग्रज अधिकाऱ्याने तो सुरू केला असे मानतात. पंधरा लाल चेंडू, सहा रंगीत आणि एक पांढरा. लाल घातला की रंगीत, पुन्हा लाल, पुन्हा रंगीत, असा हिशेब ठेवत जायचे. भारताला कोणत्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता मिळाला तो याच्या थोरल्या भावाने, बिलियर्ड्सने. ते विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, जगज्जेतेपद 1958 चे. पंकज अडवाणींचा जन्मही पुण्याचाच. आणि मुंबईचे यासीन मर्चंट 1989 व 2001 मध्ये आशियाई स्नूकर विजेते झाले, व्यावसायिक स्नूकरमध्येही उतरले. तेव्हा "हे उनाड पोरांचे काम" असे म्हणून मुलाला गप्प करता येणार नाही. तो ही नावे पुढे करील, आणि बरोबर करील.

आम्हाला या खेळात भावते ती त्यातली एक रीत. खेळताना बाही किंवा काठी चुकून चेंडूला लागली, पंचाला दिसले नाही, प्रेक्षकांनाही दिसले नाही, तरी खेळाडू स्वतः थांबतो आणि सांगतो, "माझा फाउल झाला." गुण प्रतिस्पर्ध्याला जातात. कधी कधी सामनाही जातो. कोणी बघत नसताना खरे बोलणे आपण मुलांना मकतबपासून शिकवतो. टेबलावर ते घडताना दिसत असेल तर मुलाने जरूर पाहावे. इराणच्या होसेन वफाईचेही पाहावे. 2011 मध्ये तो हौशी खेळाडूंचा जगज्जेता झाला, पण व्हिसाच्या अडचणीमुळे व्यावसायिक कारकिर्दीची सुरुवातीची वर्षे वाया गेली. तो चिकटून राहिला आणि 2022 मध्ये मानांकनाची स्पर्धा जिंकणारा पहिला इराणी ठरला.

मात्र संध्याकाळचे सामने तिथे सात वाजता सुरू होतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. ते बघत बसले तर फजर गेलीच. दुपारचे बघावेत, रात्रीचा निकाल सकाळी कळतो.

आता पहिला प्रश्न. त्याचे उत्तर याच स्पर्धेच्या इतिहासात सापडते. 2023 मध्ये चीनच्या दहा व्यावसायिक खेळाडूंना सामना निश्चिती आणि सट्ट्याच्या प्रकरणांत शिक्षा झाली. लियांग वेनबो आणि ली हांग यांच्यावर आजन्म बंदी आली. झाओ शिनतोंग या तरुणाने स्वतः कोणताही सामना मुद्दाम हरला नव्हता, पण सामन्यांवर पैसे लावले होते आणि दुसऱ्याच्या निश्चितीत तो सामील होता. त्याला वीस महिने खेळण्याची बंदी झाली. त्याने गुन्हा कबूल केला, शिक्षा भोगली, हौशी खेळाडू म्हणून पात्रता फेरीपासून सुरुवात केली आणि 2025 मध्ये मार्क विल्यम्सला 18-12 असे हरवून जगज्जेता झाला. या दहाही जणांच्या हातात कला होती. घात झाला तो खेळाला पैसा चिकटला तेव्हा. आणि ज्याने चूक कबूल केली, त्याला परतीची वाट मिळाली. तौबा या शब्दाचा अर्थ मुलाला समजावायला हे उदाहरण पुरेसे आहे.

सूरह माइदाच्या 90 आणि 91 व्या आयतींत शराब आणि जुगार यांना एकत्र निषिद्ध ठरवले आहे, आणि कारणही दिले आहे. शैतान त्यांच्या आधारे माणसांत वैर पेरतो आणि अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून त्यांना रोखतो. बुखारी आणि मुस्लिममधील एका हदीसनुसार, जो सोबत्याला नुसते "ये, जुगार खेळू" असे म्हणाला, त्यानेही सदका द्यावा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले.

मग टेबलाचे काय? दोघे खेळायला उभे राहतात तेव्हा भाडे दोघांवर असते. "हरेल त्याने द्यायचे" असे ठरले की एकाचे पूर्ण जाणार आणि दुसऱ्याचे पूर्ण वाचणार, हे निकालावर टांगले जाते. यालाच फिक्हमध्ये किमार म्हणतात, आणि याच कारणाने अनेक मुफ्तींनी ही रीत नाजायज ठरवली आहे. रक्कम जिंकणाऱ्याच्या हातात पडत नाही, मालकाच्या गल्ल्यात जाते, म्हणून फरक पडत नाही. जिंकणाऱ्याचे देणे हरणाऱ्याने फेडले, हा त्याचा नफाच झाला.

आता साधा हिशेब पाहा. त्या मुलाच्या क्लबात तासाला 120 रुपये. रोज दोन तास, आठवड्यातून पाच दिवस, म्हणजे 1200. अर्धे अर्धे वाटले तर त्याचे सहाशे. पण तो नवा, समोरचा जुना, म्हणून बहुतेक वेळा पूर्ण भाडे त्याच्याच नावावर. पैसे नसले तर वहीत उधारी. उधारी फेडण्यासाठी आणखी एक डाव, "हरलास तर दुप्पट, जिंकलास तर माफ." इथवर आले की पत्ते हातात नाहीत म्हणून बरे, असे म्हणायला काही उरत नाही.

काही उलेमा असे खेळ वेळेचा अपव्यय म्हणून मुळातच नापसंत करतात, त्यांच्या मताचा आदर आहेच. पण ज्या घरात मूल खेळतेच आहे, त्या घरासाठी आम्ही चार गोष्टी सुचवतो. खेळायला उभे राहण्याआधीच भाडे दोघांत निम्मे ठरवावे. उधारी कधीच ठेवू नये. मगरिबची अजान झाली की काठी जागेवर ठेवावी. आणि स्थानिक स्पर्धेत सर्वांची प्रवेश फी गोळा करून तीच बक्षीस म्हणून देत असतील, तर उतरण्याआधी आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. बाहेरच्या कोणी आपल्या पदरचे दिलेले बक्षीस आणि हे, यांत फरक आहे.

पाचवी गोष्ट वडिलांसाठी. त्या भगिनीला आम्ही म्हणालो, रागावण्याआधी अब्बांना एकदा बारामतीला पाठवा. ते रविवारी एसटीने गेले. क्लबात तासभर बसले, मुलाचा खेळ पाहिला, मालकाकडून वही मागून घेतली. 3,400 रुपये निघाले. त्यांनी ते मुलासमोर भरले, मुलाच्या हाताने नावावर रेघ मारून घेतली आणि सांगितले की सुट्टीत दुकानावर बसून हे फेडायचे. परत निघताना मुलगा स्टँडपर्यंत सोडायला आला. म्हणाला, "अब्बा, मित्रांना निम्मे-निम्मे सांगितले तर हसतील." अब्बा म्हणाले, "हसू देत. जो हसून निघून जाईल, तो तुझ्याशी खेळायला येतच नव्हता."

परवा त्या भगिनीचा पुन्हा फोन आला. तिघांपैकी दोन मित्र निम्म्याला तयार झाले, एक यायचा बंद झाला. अल्लाह आपल्या मुलांना हलालची कमाई आणि चांगली सोबत देवो. आमीन.